हातावरची गाठ आणि टी पेशींची मेमरी : टीबीची नवी चाचणी नेमकं काय वाचते?

वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एका हाताचा फोटो फिरला. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला नाण्याएवढा लालसर फुगवटा. सोबत प्रश्न : "टीबीचं इंजेक्शन दिलं होतं, हे आलं. म्हणजे टीबी झाला का?" पंधरा मिनिटांत ढिगानं उत्तरं आली. कुणी म्हणे रिॲक्शन आहे, बर्फ लाव. कुणी कडुलिंबाचा पाला सुचवला. एकानं तर थेट "आता सहा महिने गोळ्या" असा निकालच देऊन टाकला. इंजेक्शन देऊन किती तास झाले, हे मात्र कुणीच विचारलं नाही. खरं तर सगळ्यात आधी तेच विचारायला हवं होतं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. पण ही चाचणी ज्या तत्त्वावर चालते ते वाचायला घेतलं आणि त्यात गुंतलोच, कारण आतून ही अगदी आमच्या धंद्यातली गोष्ट निघाली : पॅटर्न मॅचिंग, परमिशन आणि मेमरी.

आधी बातमी काय आहे ते पाहू. भारतानं २०२५ पर्यंत टीबी संपवायचं ठरवलं होतं, म्हणजे जगाच्या २०३० च्या लक्ष्याच्या पाच वर्षं आधी. ते झालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१५ मध्ये दर लाख लोकांमागे वर्षाला २३७ नवे रुग्ण होते, २०२४ मध्ये ते १८७ वर आले. घट २१ टक्के. जगाच्या सरासरीपेक्षा ही घट चांगली आहे, पण "संपवणं" आणि "एकवीस टक्के कमी करणं" यात किती अंतर आहे हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. ७ डिसेंबर २०२४ ला देशातल्या ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. हातात धरता येणारी एक्स-रे मशीन आणि एक्स-रे वाचणारं एआय यावर बातम्यांनी भर दिला, आणि ते साहजिकही आहे. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीचं असं सॉफ्टवेअर अनेक देशांत वापरलं जातं. पण एक्स-रे दाखवतो तो आजार, म्हणजे फुप्फुसात आधीच झालेली हानी. जंतू शरीरात शिरलाय पण अजून गप्प बसलाय, ते एक्स-रेला दिसत नाही. आणि गप्प बसलेल्यांची संख्या प्रचंड आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये टीबीचा संसर्ग आढळला. म्हणजे वाशिमहून पुण्याला निघालेल्या ट्रॅव्हल्सच्या बसमधल्या जवळजवळ दर तिसऱ्या माणसात. यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही, पाच ते दहा टक्के लोक कधी ना कधी आजारी पडतात. पण पुढचे रुग्ण मुख्यतः याच साठ्यातून येतात.

हा गप्प साठा शोधायला सरकारी कार्यक्रमात आता सीवाय-टीबी नावाची त्वचा चाचणी वापरली जाते. पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट ती बनवते, मूळ संशोधन डेन्मार्कच्या स्टेटन्स सिरम इन्स्टिट्यूटचं आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अशा चाचण्यांना मान्यता दिली. घरात कुणाला टीबी निघाला की बाकीच्यांच्या हातावर ०.१ मिलिलिटर औषध कातडीच्या आतल्या थरात टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी परत बोलावतात. ग्रुपवरचा फोटो याच इंजेक्शनचा होता.

टी पेशीला अख्खी फाइल वाचता येत नाही

आपल्या शरीरात जंतू ओळखायच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. अँटिबॉडी बाहेर फिरणारी वस्तू जशीच्या तशी, तिच्या आकारावरून पकडतात. टी पेशींना तसं जमत नाही. टीबीचा अख्खा जंतू टी पेशीच्या पुढ्यात आणून ठेवला तरी तिला त्यातलं काही वाचता येणार नाही. तिला लागतो त्या जंतूच्या प्रथिनाचा छोटासा तुकडा, तोही दुसऱ्या पेशीनं विशिष्ट ट्रेमध्ये मांडून दिलेला.

मांडून देणाऱ्या पेशी इथे मुख्यतः दोन : मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक. काम साधारण असं चालतं. जंतू किंवा त्याचं प्रथिन दिसलं की ही पेशी ते गिळते. गिळलेला माल एका पिशवीत जातो. पिशवीत आम्लता वाढते, प्रथिनं कापणारे एन्झाइम येतात आणि लांबलचक साखळीचे बारीक तुकडे होतात, साधारण १३ ते २५ अमिनो आम्लांचे. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. मग एमएचसी क्लास दोन नावाचा रेणू येतो. त्याच्या माथ्यावर एक खाच असते. त्या खाचेत एखादा तुकडा नीट बसला, की ती जोडी पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन उभी राहते. ही सगळी भानगड म्हणजे अँटिजेन प्रोसेसिंग आणि प्रेझेंटेशन.

(आणखी एक मार्ग आहे, क्लास एक. विषाणूसारखं काही पेशीच्या आतच तयार होत असेल, तर प्रोटीअसोम नावाचं कटर त्याचे आठ ते दहा अमिनो आम्लांचे तुकडे करतं आणि ते मारेकरी टी पेशींना दाखवले जातात. टीबीत तोही लागतो, पण त्वचा चाचणीचा सगळा खेळ मुख्यतः क्लास दोनचा आणि सीडी-४ टी पेशींचा आहे.)

टी पेशीकडे रिसेप्टर असतो, आणि एका टी पेशीचा रिसेप्टर एकाच प्रकारचा. तो जन्माच्या वेळी जनुकांचे तुकडे रँडम जोडून बनतो. म्हणजे प्रत्येक टी पेशी आपल्या आत एकच सर्च पॅटर्न हार्डकोड करून फिरत असते, आणि तो पॅटर्न कुठल्या जंतूशी जुळेल हे आधी कुणालाच माहीत नसतं. जे पॅटर्न आपल्याच शरीराच्या प्रथिनांना जोरात जुळतात, ते छातीतल्या थायमस ग्रंथीतच बहुतांश बाद होतात. त्यातूनही निसटलेल्यांना आवर घालणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात. त्यांच्या शोधासाठी २०२५ चं नोबेल मेरी ब्रंकाऊ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. (रॅम्सडेल तेव्हा फोन एअरप्लेन मोडवर टाकून डोंगरात भटकत होते, त्यामुळे नोबेल समितीला ते सापडतच नव्हते.)

नुसता पॅटर्न जुळून मात्र भागत नाही. मांडणाऱ्या पेशीला धोक्याची चाहूल लागली असेल तरच ती दुसरा एक सिग्नल देते. तुकडा जुळणं म्हणजे पासवर्ड, दुसरा सिग्नल म्हणजे ओटीपी. पासवर्ड बरोबर आणि ओटीपी नाही, तर नवखी टी पेशी कामाला लागत नाही, उलट थंडावते. अनेक लसींमध्ये ॲडज्युव्हंट नावाचा पदार्थ घालतात, तो हा ओटीपी मिळावा म्हणूनच.

इथे एक गोष्ट मला फार आवडली. एमएचसीची खाच माणसागणिक वेगळी असते. आपल्यात त्याला एचएलए म्हणतात, आणि त्याचे हजारो प्रकार आहेत. एकाच जंतूचा जो तुकडा माझ्या खाचेत चपखल बसेल, तो तुमच्या खाचेत बसेलच असं नाही. पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात उंदरांवर दाखवून दिलं, की टी पेशी फक्त तुकडा ओळखत नाही, तुकडा आणि खाच ही जोडी ओळखते. त्यासाठी त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. सीवाय-टीबीत एखादा नेमका तुकडा न टोचता अख्खी प्रथिनं का टोचतात, याचं उत्तर इथे आहे. कापाकापी आपल्याच पेशी करतात, आणि ज्याच्या खाचेत जे बसेल ते तो दाखवतो.

इंजेक्शनमध्ये आहे काय?

जंतू नाही, हे पहिलं. चाचणीनं टीबी होऊ शकत नाही. त्यात टीबीच्या जंतूची दोन प्रथिनं आहेत : ईसॅट-६ आणि सीएफपी-१०. पहिलं ९५ अमिनो आम्लांचं, दुसरं १०० चं. एवढीशी. हीच दोन का, याची गोष्ट मात्र शंभर वर्षं मागे जाते.

जुनी मान्टू चाचणी तुम्ही ऐकली असेल. त्यात टीबीच्या जंतूच्या शेकडो प्रथिनांचं मिश्रण टोचतात. अडचण अशी, की त्यातली बरीच प्रथिनं बीसीजी लसीतही आहेत, आणि माती-पाण्यातल्या निरुपद्रवी चुलत जंतूंतही. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक बाळाला जन्मल्यावर बीसीजी देतात, दंडावरचा तो व्रण त्याचाच. मग मान्टूची गाठ आली, तर ती टीबीमुळे की लसीमुळे? सांगणं कठीण.

बीसीजी आली कुठून? फ्रान्सच्या लिल शहरात काल्मेट आणि गेरॅन या दोघांनी गायीच्या टीबीचा जंतू १९०८ पासून प्रयोगशाळेत वाढवायला घेतला. एका माध्यमातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी तेरा वर्षांत सुमारे २३० वेळा कॉपी. तोवर जंतू सौम्य झाला होता, आणि १९२१ मध्ये तो पहिल्यांदा लस म्हणून दिला गेला. सौम्य का झाला हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता, कारण तेव्हा डीएनए वाचता येत नव्हता. १९९० च्या दशकात दोन्ही जंतूंचा डीएनए शेजारी ठेवून पाहिला, आम्ही कोडच्या दोन आवृत्त्यांचा डिफ काढतो तसा, तेव्हा दिसलं की बीसीजीतून एक अख्खा पट्टा गायब आहे. त्याला आरडी-१ नाव पडलं. टीबीच्या जंतूची सुमारे ४४ लाख अक्षरं, त्यातला हा साधारण साडेनऊ हजारांचा तुकडा. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० याच पट्ट्यात लिहिलेली आहेत.

म्हणजे तुमच्या टी पेशींना ही दोन प्रथिनं ओळखीची वाटली, तर ती ओळख बीसीजीनं करून दिलेली असू शकत नाही. मला वाटतं, अख्ख्या टीबी कार्यक्रमातला हा सगळ्यात देखणा तर्क आहे. आणि आत्ता तो जास्तच कामाचा आहे. महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांत प्रौढांनाही बीसीजी देऊन पाहिलं जातंय. अशा माणसाची मान्टू वाचणं अवघड, सीवाय-टीबीला मात्र फरक पडत नाही.

४८ तास का थांबायचं?

डास चावला की दोन मिनिटांत गांधी उठते, कारण तिथे अँटिबॉडी आधीच कातडीतल्या पेशींवर बसून तयार असतात. टी पेशींचं काम मात्र सावकाश चालतं. टोचलेलं प्रथिन आधी कातडीतल्या पेशींनी गिळायचं, कापायचं, खाचेत बसवायचं, पृष्ठभागावर आणायचं. मग ते ओळखणारी मेमरी टी पेशी तिथे पोचायला हवी, आणि तशा पेशी रक्तात अगदी मोजक्या असतात. एखादी पोचली, जुळली, की ती इंटरफेरॉन गॅमा आणि इतर रसायनं सोडते, आणखी टी पेशी आणि मॅक्रोफेज गोळा होतात. या गर्दीमुळे कातडी तिथे घट्ट होते. हातावरची गाठ म्हणजे ही गर्दी. तिला दोन दिवस लागतात. ज्याला संसर्गच झालेला नाही, त्याच्याकडे मेमरी पेशी नाहीत, म्हणून गर्दीही नाही.

म्हणून इंजेक्शननंतर तासाभरात आलेल्या लालीला काही अर्थ नाही. ७२ तासांनंतर गेलात तर गर्दी पांगायला लागलेली असू शकते. मधल्या त्या चोवीस तासांतच माप घ्यायचं. मोजायची ती लाली नाही, घट्टपणा. बोटानं चाचपून कडा शोधतात आणि हाताच्या आडव्या दिशेनं मिलिमीटरमध्ये मोजतात. सीवाय-टीबीत ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह.

आता ग्रुपवरच्या त्या फोटोकडे या. फोटोत काय दिसतं? लाली. काय दिसत नाही? घट्टपणा. तुमच्या फोनला दोनशे मेगापिक्सेलचा कॅमेरा असला तरी बोट जे ओळखतं ते त्यात येणार नाही. टेक वेबसाइटवर लिहायला जरा लाज वाटते, पण इथे पट्टी आणि आरोग्य सेविकेचं बोट फोनपेक्षा सरस आहे.

चाचणीची खरी कमजोरीही इथेच आहे. तिसऱ्या दिवशी माणूस परत यायला हवा. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरून रोजंदारी बुडवून, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, "हात दाखवायला" कोण येणार? पुण्याहून दोन दिवसांसाठी गावी आलेला पोरगा तर तोवर परत कामावर गेलेला असतो. रक्ताची चाचणी, इग्रा, यात बरी. त्यात हीच प्रथिनं नळीतल्या रक्तात मिसळतात आणि टी पेशींनी किती इंटरफेरॉन गॅमा सोडला ते यंत्र मोजतं. एकदा रक्त दिलं की झालं. पण तिला चांगली लॅब लागते आणि खर्च जास्त येतो. वाशिम केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे सोयी कमी आहेत हे सरकारनंच मान्य केलंय. इथे हातावरची चाचणीच जास्त परवडते. माझं मत असं, की मोहिमेचं यश किती जणांना टोचलं यावर न मोजता किती जणांचा हात वेळेत वाचला यावर मोजावं.

जंतूही हुशार आहे

वरचं सगळं वाचून वाटेल, की शरीराला सगळं दिसतं, मग टीबी होतोच कसा? कारण टीबीचा जंतू राहतो तोच मुळी मॅक्रोफेजमध्ये. गिळलं गेल्यावर तो ज्या पिशवीत जातो, तिचं कापणाऱ्या पिशवीशी एकत्र येणंच तो अडवतो. कापाकापी नीट नाही, म्हणून मांडणीही नीट नाही. शिवाय डेंड्रायटिक पेशींनी माल फुप्फुसातून लसिका ग्रंथीपर्यंत नेण्यालाही तो उशीर करवतो. (पायाला जखम झाली की जांघेत अवधाण उठतं ना, ती गाठ म्हणजे लसिका ग्रंथीच. नवख्या टी पेशींना पहिल्यांदा तुकडे दाखवायची जागा ती.) फ्लूसारख्या आजारात टी पेशी आठवड्याभरात कामाला लागतात. टीबीत चाचणी पॉझिटिव्ह व्हायला दोन ते आठ आठवडे जातात.

आणि ईसॅट-६ हे साधंसुधं प्रथिन नाही. जंतू मॅक्रोफेजच्या पिशवीला भोक पाडायला जी यंत्रणा वापरतो, तिचाच तो भाग. जंतूचं हत्यार आणि आपला पुरावा, दोन्ही एकच. बीसीजीकडे ते हत्यार नाही, म्हणून ती मुकाट पिशवीत राहते. बीसीजी मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीवर कमी पडते त्यामागे हेही एक कारण असावं असं काही शास्त्रज्ञ मानतात. त्यांनी बीसीजीतच लिस्टेरिया या दुसऱ्या जंतूचं भोक पाडणारं प्रथिन बसवलं, म्हणजे माल बाहेर गळेल आणि क्लास एकच्या मार्गानंही मांडला जाईल. ही व्हीपीएम-१००२ लस, सिरमचीच. कल्पना मस्त. आयसीएमआरनं २०१९ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत रुग्णांच्या घरातल्या १२ हजारांहून जास्त लोकांवर ती आणि आणखी एक लस तपासली. २०२५ मध्ये निकाल आले : फुप्फुसाच्या टीबीपासून ठोस संरक्षण दिसलं नाही. कागदावरचं डिझाइन आणि प्रॉडक्शनमधलं वागणं, यातला फरक आमच्या धंद्यात रोज दिसतो, तरी हे वाचून वाईट वाटलं.

याहून चक्रावणारी गोष्ट २०१० मधली. जगभरातल्या टीबीच्या २१ नमुन्यांचे जीनोम तपासले. फ्लू किंवा एचआयव्ही आपले ओळखीचे तुकडे सतत बदलत राहतात, वेश पालटतात. टीबी उलटा निघाला. माणसाच्या टी पेशी जे तुकडे ओळखतात, तेच टीबीनं सगळ्यात कमी बदललेले. जणू आपण ओळखले जावं असंच त्याला वाटतं. एक तर्क असा : टी पेशींच्या हल्ल्यानंच फुप्फुसात पोकळी पडते, पोकळीमुळे खोकला, आणि खोकल्यातून जंतू पुढच्या माणसाकडे. एचआयव्हीमुळे सीडी-४ पेशी खूप घटलेल्या रुग्णांत अशा पोकळ्या कमी दिसतात, हे या तर्काला धरूनच आहे.

मग त्या फोटोचं उत्तर काय?

पॉझिटिव्ह म्हणजे : तुमच्या टी पेशींची या जंतूशी कधीतरी भेट झाली आहे. बस. आजार आहे का, ते एक्स-रे, थुंकीची तपासणी आणि लक्षणं सांगतील. आजार नसेल तर प्रतिबंधक गोळ्या देतात : आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रा, किंवा रोज एक अशी सहा महिने. बारा मात्रांच्या कोर्समध्ये लघवी नारिंगी होते. औषधाचा रंग आहे तो, घाबरून गोळ्या सोडू नका. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर आजार नाही याची खात्री करून चाचणीशिवायही गोळ्या सुरू करतात, वाट बघत नाहीत. आणि हो, निक्षय पोषणचे महिन्याला हजार रुपये आजाराची नोंद झालेल्या रुग्णाला असतात, नुसत्या गाठीवर मिळत नाहीत. ग्रुपवर तोही प्रश्न आला होता.

गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाल्यावर "बरं झालं का बघू" म्हणून पुन्हा टोचून घेऊ नका. जंतू गेला तरी मेमरी टी पेशी राहतात, गाठ पुन्हा येईल.

निगेटिव्ह आलं तरी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, संसर्ग अगदी ताजा असेल तर टी पेशींपर्यंत माल पोचलेलाच नसतो, म्हणून आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगू शकतात. दुसरी, टी पेशीच दमलेल्या असतील तर गर्दी जमणारच नाही : एचआयव्ही, स्टेरॉइड, खूप आजारपण आणि कुपोषण. शेवटच्याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं. झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना नुसतं जादा धान्य-डाळ आणि जीवनसत्त्वं दिली, तर त्यांच्यातला टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कुठल्याही नव्या लसीच्या बातमीइतकीच ती बातमी मोठी होती, पण तुमच्या फीडमध्ये ती आली असण्याची शक्यता कमीच.